पांढऱ्या चिठ्ठीवाल्यांचे गुडघे

मु. कातळवाडी, ता. संगमेश्वर
२५ मे १९८६

तीर्थरूप आप्पांस, धाकट्या महिपतचा साष्टांग नमस्कार. तुमचा दमा आणि वहिनींचं ब्लडप्रेशर दोन्ही ताब्यात असतील, अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे परवापर्यंत होतं. गावात माझ्याबद्दल काहीबाही बोललं जातंय. ते एस.टी.त बसून मुंबईला पोचण्याआधी (तीस वर्षं टपाल वाटलंय, बातमी पत्राच्या आधी पोचते हे मला ठाऊक आहे) खरं काय ते मीच कळवतो.

दिवाळीनंतर मुंबईच्या एका इस्पितळातून एक डॉक्टरीणबाई सहा महिने राहायला आल्या. गुडघेदुखीवर व्यायामाचा उपयोग होतो की नाही, यावर त्यांचं संशोधन. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यावर हात देऊन उठणारी चाळीस माणसं त्यांनी शाळेत जमवली आणि डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावल्या. हिरवी चिठ्ठी येईल त्याने रोज सकाळी शाळेत यायचं आणि घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. पांढरी येईल त्याने काहीच करायचं नाही, आजवर जगलात तसं जगायचं. सहा महिन्यांनी दोन्हीकडचे गुडघे तपासून तुलना. मला हिरवी आली, आमच्या हिला, गोदाला, पांढरी. यातलं काहीही पांढऱ्यांना शिकवणार नाही, अशी आम्हा हिरव्यांची सही घेतली. पांढऱ्यांनी 'नेहमीप्रमाणे राहीन' यावर सही केली.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात आम्हा हिरव्यांतल्या खंडू सुताराने काठी घरी ठेवली. तिसऱ्यात तो देवळाच्या पायऱ्या चढला आणि वर उभा राहून सगळ्यांना हाका मारू लागला. त्याच आठवड्यात गोदा विहिरीवरून येताना पाणंदीची उतरण बसून बसून उतरली, हंडा मांडीवर घेऊन. मी मागून येत होतो. मी हंडा घेतला. ती काही बोलली नाही, आणि आप्पा, तुम्हाला तिची सवय माहीत आहे, ती बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "यंदा लावणीला मी चिखलात उभी राहीनसं वाटत नाय."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. म्हटलं, "खंडू पायऱ्या चढतोय. गुण येतोय हे दिसतंय ना? मग बाकीच्यांना का अडवून ठेवलंय?"

बाई शांत होत्या. म्हणाल्या, "महिपतराव, थंडी सरली की गुडघे आपोआपही हलके होतात. काही न करणारे समोर नसतील तर हा गुण व्यायामाचा की हवेचा, हे मी कशावरून सांगू? आणि व्यायामाने उलट दुखणं वाढलं असतं, तर वाचले कोण असते?"

"पण आता त्रास कोणाला आहे?"

"जूनमध्ये सगळ्यांना शिकवणार आहे."

"जूनच्या अखेरीला तर लावणी लागते," मी म्हटलं. (त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, हीच अडचण होती. घरी जाऊन गोदाचं तोंड बघितलं आणि पटलेलं सगळं उतरलं.)

मी शब्द मोडला नाही. कोणालाही काहीही शिकवलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ओटीवर बसून, पिशवी बांधून, सावकाश पाय उचलू लागलो. समोर गोदा तांदूळ निवडत बसायची. चार दिवसांनी सुपाखालून तिचाही पाय उचलला जातोय असं मला वाटलं. मी दुसरीकडे बघितलं.

पुढचं मला खरोखर ठाऊक नव्हतं, तपासणीच्या आदल्या रात्री गोदाने सांगितलं. गोदाने विहिरीवर पांढऱ्या चिठ्ठीच्याच राहीला सांगितलं, राहीने उरलेल्या अठरांना. आम्ही हिरवे शाळेत अर्धा वेळ गप्पांत घालवायचो. ही पांढरी मंडळी मात्र वाळूऐवजी नाचणीची पुरचुंडी बांधून मन लावून पाय उचलत होती.

परवा अखेरची तपासणी झाली. पांढऱ्यांचे गुडघे हिरव्यांपेक्षा सरस निघाले. बाई वही पुढे ठेवून म्हणाल्या, "म्हणजे व्यायामाचा काही उपयोग नाही. तसंच लिहावं लागेल." त्यांचा चेहरा उतरला होता. मला एकदम सुचलं, हे छापून आलं की कुठल्या कुठल्या गावच्या गोदांना डॉक्टर सांगणार, पाय उचलू नका, फुकट आहे. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

बाईंनी वही मिटली. मग गोदाला म्हणाल्या, "तुम्ही सही केली होती ना?"

"केलेली," गोदा म्हणाली. "नेहमीप्रमाणे राहीन म्हणून. घरातला माणूस काय करतो ते मी नेहमीच बघते."

बाई हसल्या, पण डोळे पुसूनच. चूक आपलीही आहे म्हणाल्या. एका विहिरीवरची माणसं चिठ्ठ्यांनी वेगळी होत नाहीत. आता त्या दोन लांबलांबच्या गावांत नव्याने सुरू करणार, आणि व्यायामासाठी थांबणाऱ्या गावाला त्यांची पाळी लावणीच्या आधीच येईल असं ठरवणार. काल त्यांनी इथे सगळ्यांना उघड शिकवलं. तरीही राही आणि मंडळी माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांना उघडं पाडलं म्हणे. गोदा मात्र बोलते. लावणीला उतरणार आहे.

वहिनींना नमस्कार.
तुमचा,
महिपत

ता. क. खरं काम राहिलंच. बाई आज मुंबईला गेल्या. त्यांचं इस्पितळ तुमच्या चाळीपासून जवळ आहे. त्यांना भेटून एवढं सांगा, की महिपतचा गुडघा कधीच दुखत नव्हता. सगळे जात होते म्हणून मीही गेलो. आता हिरव्यांच्या वहीत सगळ्यात उत्तम गुडघा माझाच असणार, तो खोडायला सांगा. मला तोंडावर सांगवलं नाही. गोदाला कळू देऊ नका.

ता. क. भावजींना गोदाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. तुम्ही इस्पितळात खेप घालू नका. यांचे गुडघे ठणठणीत आहेत हे मी बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यांचं नाव वहीत कधी नव्हतंच. बाई यांना घरी पाठवत होत्या, मीच म्हटलं, राहू दे, सकाळचे दोन तास तरी घराबाहेर असतात.