तुमचीच गोळी, भाऊजी

भाऊजी,

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला रागातही सुवाच्य लिहायला शिकवलंय, तेव्हा अक्षर लागलं नाही ही सबब चालणार नाही.

मूल होत नाही म्हणून तुम्ही, घरचे डॉक्टर, माझ्या सुनेच्या तपासण्यांवर तपासण्या केल्यात. तुमच्या पुतण्याची एकही नाही! “वहिनी, आपल्या घराण्यात पुरुषांत दोष नसतो,” म्हणालात. नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, “गोळ्या कुठल्या घेता?” रक्तदाबाची, तुम्हीच दिलेली. ती म्हणे पेशींमधली कॅल्शियमची दारं बंद करते. त्यानं रक्तदाब उतरतो, कबूल. पण शुक्राणूंनाही स्त्रीबीजात शिरायला कॅल्शियम लागतं, आणि काहींच्या बाबतीत या गोळीनं ते उंबऱ्यावरच अडकतात. बाईंनी गोळी बदलली.

भाऊजी, सूनबाईला दिवस गेलेत! मी घरभर नाचतेय, या गुडघ्यांनिशी!

हे पत्र तिला वाचून दाखवलं, तर हसत म्हणाली, “आई, पाठवू नका. पोट दिसायला लागलं की काकांना जेवायला बोलवा. दार मी उघडेन.”

तुमची वहिनी,
निवृत्त मुख्याध्यापिका आणि होणारी आजी