नळीत पुरलेलं लग्न

सीडर फोर्क, आर्कान्सा
१४ एप्रिल २०१९

ती. केझाताईस ज्युबलचा सा. न. वि. वि.

हे पत्र तीन आठवड्यांपूर्वीच लिहायला हवं होतं. कागद काढला, 'ताई' लिहिलं, आणि दर वेळी काहीतरी आडवं आलं. एकदा शेजारच्यांचं खेचर पुलावर अडून बसलं, ते ढकलायला गेलो. एकदा पेन सापडेना. सापडलं, तोवर जत्रेतले पाळणे फिरवणाऱ्या माझ्या जुन्या दोस्ताचा निरोप आला, की टेक्ससमध्ये माणूस हवाय, आणि मी पिशवी भरून फाटकापर्यंत गेलोसुद्धा. परत आलो. फोन केला असता, पण या घरचा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि आईच्या अंत्यविधीनंतर त्याबद्दल तुला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. ओडेट, तुझी लग्नाची बायको, कुणी आत बोलावलं नाही म्हणून दोन तास बाहेर गाडीपाशी उभी राहिली, आणि मी आत पहिल्या बाकावर खालमानेनं स्तोत्रं म्हणत होतो. ते राहू दे. म्हणजे राहू देण्यासारखं नाही, पण आधी कामाचं सांगतो.

चर्चच्या कोपऱ्यात आईला पुरलंय ते तात्पुरतं. बाबा व्हिएतनामला लढून आलेले, त्यामुळे त्यांना सैनिकांच्या दफनभूमीत जागा आहे, आणि बायकोलाही त्याच खड्ड्यात मिळते. दगड एकच, पुढून त्यांचं नाव, मागून तिचं. बाबांना दुसरं काही नकोच आहे. मी त्यांना घेऊन गेलो. तिथल्या बाईनं लग्नाचा कागद मागितला. तिनं पुन्हा मागितला, तेव्हा बाबा टोपी उचलून बाहेर निघाले. परत येताना गाडीत त्यांनी जे सांगितलं ते मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं. कागद नाहीच. १९७९ साली त्यांनी परवाना काढलाच नव्हता. म्हणे लग्न देवाचं, त्याला सरकारचा परवाना घ्यायचा म्हणजे आपल्याच घरात शिरायला शेजाऱ्याची परवानगी मागायची; आणि जो परवाना देतो तो उद्या काढूनही घेतो. पास्टर हॉलिसनी रानातल्या प्रार्थनासभेत लग्न लावलं, घरच्या मोठ्या बायबलात विवाहाची नोंद करायचं पान असतं त्यावर सही केली, झालं. हॉलिस गेले, साक्षीदारही गेले. ती बाई म्हणाली, जुन्या बायबलातलं ते पान चालेल.

आता ते बायबल कुठे आहे, हे तुला सांगायला नको. १९९९चा डिसेंबर. दोन हजार साल लागलं की दिवे जाणार, बँका बुडणार, आणि मग सरकार घरोघर फिरून बंदुका गोळा करणार, अशी तेव्हा हवा होती. बाबांनी आपल्या साठ बंदुकांतल्या चार निवडल्या, ग्रीस चोपडलं, पाण्याच्या प्लास्टिकच्या नळीत घातल्या आणि नळी उभी पुरली. तळाशी ते बायबल. मी पाच वर्षांचा. बरोबर तू होतीस, तेरा वर्षांची. खूण म्हणून जो अक्रोड होता तो दोन हजार नऊच्या बर्फात पडला, त्याचा बुंधाही आपण जाळला. झऱ्यावरच्या दगडी खोलीपासून पुढे कुठे, ते बाबांना आठवत नाही. मी नऊ खड्डे खणलेत. अंगण देवी आलेल्या तोंडासारखं दिसतंय.

जागा सांगशील? 'तिला विचार' असं बाबांनी म्हटलेलं नाही. नको असंही म्हटलेलं नाही.

लोभ तुझ्याकडे जेवढा उरला असेल तेवढा पाठव, मला थोडका पुरतो.

तुझा,
ज्युबल


डे मॉइन, आयोवा
२२ एप्रिल

चि. ज्युबल यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. खेचर शेवटी हललं की नाही, ते लिहायचं विसरलास.

जागा मला माहीत आहे. डोळे बांधून सोडलंस तरी जाईन. पण ऐक. "माझ्या उंबऱ्याच्या आत सरकारचं काम नाही," हे वाक्य मी बाबांच्या मांडीवर बसून शिकले. ते बंदुकांबद्दल असायचं, शाळेबद्दल असायचं, करांबद्दल असायचं. मला ते पटायचं. खरं विचारशील तर अजून अर्धं पटतं. मग माझ्या लग्नाची वेळ आली, आणि हेच बाबा फलक घेऊन विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभे, की सरकारनं असली लग्नं होऊ देऊ नयेत. त्यांच्या उंबऱ्यात सरकारचं काम नव्हतं, माझ्या उंबऱ्यात निघालं. मी त्यांच्या देवाकडे काही मागितलं नव्हतं रे. मी कचेरीत जाऊन एक कागद मागितला होता. त्यांच्यालेखी ज्याची किंमत शून्य, तोच कागद.

माझं नाव बायबलातल्या ईयोबाच्या मुलीवरून ठेवलंय. बाबाच कौतुकानं सांगायचे, की या बापानं मुलींना भावांच्या बरोबरीनं वाटा दिला. सांगताना त्यांचा आवाज कसा व्हायचा, ते तू ऐकलेलं नाहीस. तुझ्या वेळेपर्यंत ते सांगेनासे झाले होते.

माझं म्हणणं एवढंच. बाबांनी मला स्वतःच्या हातानं लिहावं, आणि पाकिटावर आम्हा दोघींची नावं घालावीत. माफी नको. दोन नावं.

तू जेवत जा. पिशवी भरून फाटकापर्यंत गेलास तरी परत आलास, म्हणून तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.

तुझी ताई,
केझाया


सीडर फोर्क
३० एप्रिल

केझाया प्रॅथर हिस,

पत्र लिहिण्यास कारण की, मी लिहिल्याशिवाय तू सांगणार नाहीस असं ज्युबल म्हणतो.

तुझी आई आहे तिथे पावसाचं पाणी साचतं. चाळीस वर्षं ती माझ्या डाव्या बाजूला झोपली. पुढेही तसंच असावं, एवढंच माझं मागणं आहे.

बाकी गोष्टींत मी बदललेलो नाही. बदललो असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि माझं खोटं तू लहानपणापासून ओळखतेस. तू ज्याला लग्न म्हणतेस त्याला देवाचं वचन लग्न म्हणत नाही. ते वचन लिहिणं माझ्या हातात असतं तर मी काय लिहिलं असतं, हे मला विचारू नकोस.

पाकिटावर दुसरं नाव माझ्यानं लिहवलं नाही. तीन पाकिटं फाडली.

लेम्युएल प्रॅथर


सीडर फोर्क
१९ मे

ती. केझाताईस सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी पोचली. बाबांना उत्तर नाही, मला चार ओळी. बाबांना वाचून दाखवल्या. "आईसाठी सांगते. झऱ्याच्या खोलीच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यापासून सरळ टेकडीकडे एकसष्ट पावलं, मग डावीकडे सात. पण पावलं माझी. बाबांच्या खांद्यावर नळी होती, म्हणून मी मोजली." मी एकसष्ट पावलं चाललो तो थेट शेजारच्या टर्नबोंच्या कुंपणात. माझ्या टांगा म्हणजे तुला माहीतच. मग सुचलं, की स्वयंपाकघराच्या चौकटीवर आईनं तुझी दर वर्षीची उंची पेन्सिलीनं मांडलीय. तेरा वर्षांच्या रेघेवरून अंदाज काढला आणि दोन्ही पायांत तेवढ्या मापाची सुतळी बांधून निघालो. बाबा ओसरीवरून म्हणाले, "बाजाराला निघालेली कोंबडी दिसतोस." फेब्रुवारीत आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

दुसऱ्या खेपेला पहार नळीवर वाजली.

आणि ताई, बंदुका अशा निघाल्या, जणू काल ठेवल्या. आजोबांची विंचेस्टर, युद्धातली गॅरंड, पणजोबांची दुनळी, आणि चौथी तुझी. ती बावीसची छोटी रायफल, बाराव्या वाढदिवसाची, दस्त्यावर तुझं नाव कोरलेली. ती त्यात असेल हे मला माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, सगळ्यात चांगल्या चार ठेवायच्या होत्या. एकीलाही गंजाचा ठिपका नाही. बाबांनी ग्रीस हात राखून वापरलंच नव्हतं ना.

तेच ग्रीस वीस उन्हाळे पातळ होऊन खाली उतरत राहिलं. तळाशी बायबल. त्याला गुंडाळलेलं मेणकापड केव्हाच सुटलं होतं. पानं पतंगाच्या कागदासारखी आरपार झालीत, हात लावला की एकमेकांना चिकटून येतात. विवाहाच्या पानावर छापलेला मथळा तेवढा शिल्लक आहे. हॉलिसची शाई, साक्षीदारांच्या सह्या, तारीख, सगळ्याचा मिळून एक निळसर डाग. पुढचं पान जन्मांचं. ते आईनं पेन्सिलीनं लिहिलंय, आणि पेन्सिलीला ग्रीसनं काही केलेलं नाही. "केझाया, ४ मे १९८६." स्वच्छ वाचता येतं. बाबा ते पान उघडून बसले होते. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

दफनभूमीची बाई भली आहे. म्हणाली, पान गेलं तर जाऊ दे, या दोघांना नवरा-बायको म्हणून राहताना पाहिलेल्या दोघांनी शपथेवर लिहून द्यावं, मात्र लग्न परवान्याशिवाय लागलं होतं हेही त्यात आलं पाहिजे. एक मी. दुसरं चर्चमधलं कुणीही चाललं असतं. पण चर्चमध्ये हे कुणाला ठाऊकच नाही. बाबा वीस वर्षं चर्चच्या ज्येष्ठ मंडळात आहेत, नव्या जोडप्यांना लग्नाचं पावित्र्य तेच समजावतात. आज सांगायचं, की माझ्याच लग्नाला कागद नाही? आई कोण होती मग, असं कुणी मागून कुजबुजलं तर? त्यांना ते सोसणार नाही. त्यांच्यापेक्षा मला सोसणार नाही.

उरलीस तू. शपथेचा कागद सोबत पाठवतोय. तिथल्याच एखाद्या नोटरीपुढे सही केलीस तरी चालेल.

रागावलीस तरी माझ्यावरचा जीव काढून घेऊ नकोस, आधीच हाताला फोड आलेत.

तुझा,
ज्युबल


डे मॉइन
२८ मे

चि. ज्युबल यास आशीर्वाद.

नाही.

आमच्या लग्नाला एका साक्षीदाराची सही लागत होती. मी पहिल्या ओळीत एक खुर्ची रिकामी ठेवली होती. नाव लिहिलं नव्हतं, पण मला माहीत होती कुणाची ते. शेवटी कचेरीतल्या एका अनोळखी कारकुनानं सही केली, आणि खुर्चीवर ओडेटच्या मावशीनं पर्स ठेवली. आता बाबांच्या लग्नाला साक्षीदार कमी पडतोय. त्यांनीही एखादा कारकून बघावा.

तुला वाटतं मला हे नवीन आहे. आईनं आमच्या लग्नाच्या दिवशीच मला चोरून फोन केला होता. म्हणाली, "तो कागद जपून ठेव हं. माझ्याकडे तेवढाही नाही." मग हसली. ते हसणं मी सात वर्षं कानात घेऊन फिरतेय. ज्या माणसानं तिला कागद दिला नाही, आणि मला तो मिळू नये म्हणून उन्हात उभा राहिला, त्याच्यासाठी मी सरकारपुढे हात वर करून शपथ घ्यायची?

माझी रायफल विकून टाक. नाहीतर परत पुरा.

तुझी पत्रं मी ओडेटला वाचून दाखवते, बाबांचंही दाखवलं. या वेळी ती भांडी विसळत होती. शेवटचं ताट ठेवून तिनं विचारलं ते एवढंच, की आईंना पुरलंय तिथे पाणी खरंच साचतं का. मी विषय बदलला.

लोभ असावा असं आज लिहवत नाही. पुढच्या वेळी लिहीन.

केझाया


सीडर फोर्क
९ जून

ती. केझाताईस सा. न. वि. वि.

या वेळी उशीर मुद्दाम केला. तुझं पत्र बाबांपासून लपवणार होतो. पिठाच्या डब्यामागे ठेवलं, आणि त्यांना नेमकी रविवारी पाव करायची हुक्की आली. मग मीच वाचून दाखवलं, काही न गाळता. खुर्चीच्या ओळीला म्हणाले, "परत वाच." वाचलं. ते पर्स ठेवल्याचंही वाचलं. उठून ओसरीवर गेले आणि तुझी बावीसची पुसायला घेतली. त्यालाही आता आठवडा झाला. बाकी तिघी दोन दिवसांत लखलखीत झाल्या, ही काही संपत नाही. कोरलेल्या अक्षरांत ग्रीस बसलंय, ते काडीनं काढत बसतात.

परवा पाऊस झाला. आम्ही दोघं आईकडे जाऊन बादल्यांनी पाणी उपसून आलो. बाबा म्हणाले, तू टेक्ससला जा, माझं मी उपसेन. मी उद्या निघतोय. तिकडे पाळण्याचं काम आहे, अर्धा दिवस माणसं वर नेऊन खाली आणायची, मला जमण्यासारखं. मुलीनं "नाही" म्हटलं तर तो तिचा हक्क आहे, असंही म्हणाले. पण ते म्हणताना माझ्याकडे न बघता

थांब. फाटकाशी गाडी वाजली. पाटी आयोवाची आहे. मला वाटलं तू आलीस.

तू नाहीस. ओडेट आहे, एकटीच. आठ तास गाडी हाकून आलेली दिसतेय, पाय आखडलेत. गाडीच्या दाराला टेकून उभी आहे, अंत्यविधीच्या दिवशी जशी होती तशीच, बोलावल्याशिवाय पुढे न येता. हातात लांब पाकीट आहे, शपथेचा कागद मी तुला ज्यातून पाठवला होता त्याच मापाचं. त्यावर दोन नावं लिहिलेली दिसतात, कुणाची ते इथून वाचता येत नाही.

बाबा उठून उभे राहिलेत. तुझी रायफल बाकावर ठेवलीय. आत या म्हणाले नाहीत. जा असंही म्हणाले नाहीत. कोपरापर्यंत ग्रीस आहे त्यांच्या, आणि ते पँटला हात पुसताहेत. पुसताहेत, बघताहेत, परत पुसताहेत. निघत नाहीये.