सवतीची सोय

मृत्युपत्र लिहून ठेवणार : रतनबाई कोंडाजी केदारी, वय वर्षे ६८, धंदा शेती व घरकाम, राहणार मळवली, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

कारणे लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे, डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, आणि घरच्यांना जे मला ऐकू जाऊ नये असे वाटते तेही ऐकू येते. छातीत दोनदा कळ येऊन गेली. तिसरी विचारून येणार नाही. म्हणून कोणाच्या दबावाला न घाबरता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता मी हे राजीखुशीने लिहीत आहे. मसुदा वकिलांचा आहे, मधली बोलणी माझी आहेत. वकील म्हणाले, "मावशी, एवढं सगळं लिहायची गरज नसते." मी म्हटलं, गरज कोणाला, तुम्हाला का मला? मी सातवी पास आहे आणि माझे अक्षर चांगले आहे.

१. माझे पती कोंडाजी चार वर्षांपूर्वी वारले. मागे मी, मुलगा अमृत व सून स्नेहल. याखेरीज तबेल्यात मंजुळा नावाची घोडी आहे, रंग तांबडा, कपाळावर पांढरा टिळा, वय सोळाच्या आसपास. वकिलांनी तिला जंगम मालमत्तेत धरले होते. मी तिला परिवारात धरले आहे, कारण गेली बारा वर्षे ती माझी सवत आहे.

हा शब्द वकिलांनी खोडला होता, मी परत लिहिला. नवऱ्याने आयुष्यात मला नावाने हाक मारली नाही. "अगं", "ऐकलंस का", फार झालं तर "अमृतची आई". घोडीला मात्र उठता-बसता मंजुळा, मंजुळा. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं तेव्हा त्या बाईने मला हळूच विचारलं, "तुमच्यात मंजुळा कोण हो?" मी म्हटलं, धाकटी. ती बिचारी आठ दिवस माझ्याकडे दयेने बघत होती.

कोंडाजी तिला घेऊन लोणावळ्याला धरणाच्या वाटेवर जायचे आणि पर्यटकांना फेरी मारून आणायचे. एकदा मीही डबा घेऊन गेले होते. एक जोडपं आलं, दोघांनाही एकदम बसायचं होतं, फोटो काढायचा होता. हे म्हणाले, "एका टायमाला एकच. खुर्ची न्हाई ती, जीव हाय." माणूस जादा पैसे द्यायला निघाला तरी ऐकलं नाही. मला फार राग आला. माझ्या डोक्यावर दोन हंडे आणि काखेत कळशी असायची तेव्हा हे ओट्यावर बसून विडी ओढायचे. एका टायमाला एकच, असं मला कोणी म्हटलं नाही.

दुपारी उन्हात तिला सावली, मला चूल. पावसात स्वतःचं घोंगडं काढून तिच्या पाठीवर. खोगिराने कधी पाठ सोलली तर आठ आठ दिवस धंदा बंद, आणि हळद मी वाटायची. रोज खरारा करताना तिच्याशी बोलायचे ते मी भिंतीला कान लावून ऐकायचे. काही विशेष नसायचं, पाऊसपाण्याचंच बोलायचे. तेवढंसुद्धा माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटच्या दिवशी मी उशाशी बसले होते. त्यांचे ओठ हलले, मी कान खाली नेला. म्हणाले, "मंजुळीला पानी दावलं का?" मी म्हटलं, दावलं. त्यावर डोळे मिटले ते मिटलेच. दहाव्याला घाटावर बायका विचारत होत्या, शेवटी काय बोलले? मी सांगितलं, माझं नाव घेतलं. या कागदात खरंच लिहायचं असतं म्हणून इथे दुरुस्ती केली आहे.

२. राहत्या घरातील व भातशेतीतील माझा हिस्सा मुलगा अमृत यास द्यावा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पितळेची मोठी पातेली विकू नयेत, गावात लग्नाला मागायला लोक आपल्याकडेच येतात.

३. माझ्या उजव्या हातातील सोन्याची पाटली सून स्नेहल हिला द्यावी. ती लोणावळ्याच्या हॉटेलात नोकरी करते, साडी नेसत नाही, तरी तिने ती घालावी. पाटली एकच का, असे तिला कोणी विचारले तर सांगावे की जोडीची तबेल्यात उभी आहे.

त्याचे असे की, कोंडाजींना अकलूजच्या घोडेबाजारात ही घोडी आवडली. खिशात तेवढे नव्हते. घरी आले, जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडले. मी विचारलं तर म्हणाले, "तिचं डोळं लय चांगलं हायती." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, माझ्या डोळ्यांचा रंग विचारला असता तर सांगता आला नसता. तरी मीच मूर्ख, डाव्या हातातली पाटली काढून दिली. माझ्या माहेरची. दुसऱ्या दिवशी शेजारचे अंबाजी शेलार यांना बरोबर घेऊन ती मोडली आणि घोडी आणली. मी महिनाभर नवऱ्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं का नाही, मला माहीत नाही.

या पाटलीवरून मी त्यांना मरेपर्यंत टोचून बोलत आले. आता मात्र तिचा उपयोग झाला. वकील म्हणाले होते की घोडी नवऱ्याची असेल तर मुलाचाही तिच्यात हिस्सा, तुम्हाला एकटीला तिची व्यवस्था लावता येणार नाही. मी म्हटलं, माझ्या स्त्रीधनातून आणली तर? ते लिहायचे थांबले. "साक्षीदार आहे का?" म्हणाले. अंबाजी आहेत. त्यांचं गावात कोणाशी पटत नाही, पण खोटं बोलत नाहीत. म्हणून येथे स्पष्ट लिहिते की मंजुळा घोडी ही माझी एकटीची आहे. तिच्यावर अमृतचा हक्क नाही, आणि या मालकिणीला तिने एक दिवस सुख दिले नाही हा भाग वेगळा.

४. हा सगळा खटाटोप कशासाठी, ते आता लिहिते. वरातीला घोड्या पुरवणारा हौशीराम नावाचा इसम आहे. कोंडाजी गेल्यावर दुसऱ्या लग्नसराईत अमृतने मला न विचारता मंजुळा त्याला एका वरातीसाठी दिली. मला सांगितलं, नाल मारायला नेतो. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोतून उतरवली. कपाळाला गोंडे, अंगावर आरशांची झूल, आणि तोंडातून फेस गळत होता तो गुलाबी. तोंडात लगाम होता त्याच्या कडीला आतून खिळ्यांसारखे काटे होते.

लोकांना वाटतं घोडी डीजेवर नाचते. घोडी नाचत नसते. लगाम ओढला की काटे जिभेत रुततात, कळ सोसवत नाही म्हणून ती पाय उचलते, आणि माणसं तिच्यावरून नोटा ओवाळतात. मीसुद्धा अशा वराती बघून टाळ्या वाजवल्या आहेत, कारण जवळ जाऊन तोंड कोण बघतं?

अमृत म्हणाला, "आये, एका दिवसाचं तर काम व्हतं." मी म्हटलं, "मग एक दिस तू घाल तोंडात."

मी लगाम काढायला हात पुढे केला तर घोडीने मान झटकली. दुसऱ्यांदा केला तर कान मागे पाडून माझ्याकडे पाठ केली. इतकी वर्षं हिला हरभऱ्याची चंदी मी घालते, हिचं शेण मी काढते. तेवढ्यात सुषमा आली. सुषमा लखन उघडे ही लोहगडाच्या अंगाला वरच्या वाडीत राहते आणि आमच्याकडे गवताचे भारे घालते. तिने डोक्यावरचा भारा टाकला आणि नुसती उभी राहिली. घोडी आपणहून तिच्याकडे गेली आणि खांद्यावर मान टाकली. सुषमाने हळूच बंद सोडले, काट्यांचा लगाम एक एक बाजू करून बाहेर काढला. तिचं पोलकं रक्ताने भरलं. घोडी हलली नाही.

आणि त्या वेळी मला राग कशाचा आला असेल? जिभेवरच्या जखमांचा आला, हौशीरामचा आला, पोटच्या पोराचा आला. पण सगळ्यात जास्त आला तो त्या खांद्याचा. माझाही खांदा तिथेच होता.

लोणावळ्यात घोड्यांचं दवाखाना-शिबिर भरवतात त्या डॉक्टर प्रेरणाबाई आल्या, जखमा धुतल्या. काटेरी लगामाला कायद्याने बंदी आहे, असं त्यांनी अमृतला समोर बसवून सांगितलं. तो हो हो म्हणाला. गेल्या महिन्यात स्नेहलने मला स्वयंपाकघरात सांगितलं, "आई, मी सांगितलं म्हणू नका. तुमच्या माघारी घोडी हौशीरामला द्यायचं यांचं ठरलंय." म्हणून मी दुसऱ्याच दिवशी वकील गाठला.

५. तरी माझ्या पश्चात मंजुळा घोडी, तिचा तोबरा, खरारा, घोंगडी व पाण्याची कोठी यांसह, सुषमा लखन उघडे हिला द्यावी.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. सुषमाची चाहूल लागली की ही तबेल्यातून खिंकाळते, आणि मी चंदीची पाटी घेऊन समोर उभी राहिले तरी नुसता एक कान हलवते. मला वाटलं गवताचा वास येत असेल. सुषमाला म्हटलं, उद्या रिकाम्या हाताने ये. ती आली, तरी खिंकाळली. मग एक दिवस मीच गवताचा भारा डोक्यावर घेऊन तबेल्यात शिरले. घोडीने माझ्या मागे सुषमा आहे का ते बघितलं. मी सुषमाला विचारलं, "काय करणी केलीस गं?" ती म्हणाली, "काय न्हाई, मावशी. मी गप बसती. तुमी लय बोलता."

बोलणार नाही तर काय? ज्या घरात कोणी ऐकत नाही तिथे माणूस सवतीशीच बोलणार.

जिवंतपणीच का देत नाही, असे वकिलांनी विचारले. नाही देत. मी आहे तोवर ती माझ्याच दारात उभी राहील.

सुषमाने पाळायच्या गोष्टी : घोडीचे नाव बदलू नये. तिला विकू नये, वरातीला देऊ नये, आता पाठीवर कोणाला बसवू नये. चालताना पाय चोरायला लागली की डॉक्टरांना बोलवावे, तापल्या सळईने डाग देऊ नये. उन्हात बांधू नये. आमच्या तबेल्याचा व मागच्या गवताच्या रानाचा वापर घोडी जिवंत असेपर्यंत सुषमाने करावा, अमृतने आडकाठी करू नये. आणि आठवड्यातून एकदा तिच्याजवळ माझे नाव घ्यावे. घोडीने कान हलवले नाहीत तर ते मनात ठेवावे, चार लोकांत सांगू नये.

६. लोणावळा बाजारातील गाळा माझ्या वडिलांनी मला दिलेला असून तो चिक्कीवाल्यास भाड्याने दिला आहे. या गाळ्यावर अमृतचा पहिल्यापासून डोळा आहे. तर मंजुळा घोडी जिवंत आहे तोपर्यंत गाळ्याचे सगळे भाडे अमृतने घ्यावे. ती मेली की त्या दिवसापासून गाळा लोणावळ्यातील घोडेवाल्यांच्या मंडळाकडे जाईल, आणि त्यातून घोड्यांसाठी पाण्याचा हौद व सावलीची शेड व्हावी. दर दसऱ्याला घोड्यांची पूजा होते त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी मंजुळेचे तोंड, पाठ व खूर बघावेत. पुन्हा काटेरी लगामाची खूण दिसली तर भाडे तिथेच बंद. देखरेख सून स्नेहल हिने करावी.

वकील हे वाचून हसले. म्हणाले, "आता मुलगाच घोडीला जपेल." जपेल तर. एकवीरेला नवस करील, आई, घोडीला उदंड आयुष्य दे. माझ्या छातीत कळ आली तेव्हा त्याने नवस केल्याचं मला आठवत नाही.

७. तो काटेरी लगाम मी धुऊन, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आहे. तो हौशीराम यास समक्ष द्यावा. एकदा जिभेवर ठेवून बघावा आणि दुसऱ्या कोणाला तरी ओढायला सांगावे, एवढीच विनंती. तो न घेईल तर लोहाराकडून त्याचे खिळे करून तबेल्याच्या दाराला मारावेत.

८. शेवटचे. मी जाईन तेव्हा तोंडात गंगेचे पाणी घालायला सगळे धावतील. त्याआधी कोणीतरी एकाने तबेल्यात जाऊन मंजुळेला पाणी दाखवून यावे, आणि माझ्या कानाशी येऊन मोठ्याने सांगावे की दाखवले. विसरू नये. नाहीतर मी तेच विचारीन, मला माझी खात्री आहे. आणि ते तोंडातून गेलं की वर कोंडाजी बसलेत, ते ऐकतील आणि हसतील.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, एकदा अंबाजींना मोठ्याने वाचायला लावून, शुद्धीत असताना खाली सही केली आहे. सही करताना मंजुळा दारात होती व सुषमा गवत घेऊन येत असल्याने तिचे लक्ष तिकडे होते.

ठिकाण : मळवली
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

सही
रतनबाई कोंडाजी केदारी

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली :
१. अंबाजी शेलार, राहणार मळवली (पाटली मोडताना मी हजर होतो.)
२. डॉ. प्रेरणा गांगल, पशुवैद्य, लोणावळा