मागच्या टायरातली हवा

रवि. ११ जाने.
निंबोल्याच्या वावरात दिवसभर. केळी काढून बाबांनी वावर रिकामं करून दिलं. "उडवा काय धूळ उडवायची ती!" रेसची गाडी मन्या चालवतो, सेटिंग माझं. बहीण-भावाची टीम म्हणून लोक हसतात. हसू दे.
गाडीचं नाक काही वळेना. स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच. शेवटी मागच्या टायरांत हवा ठासून भरली. टायर कडक, पकड कमी, पाठ जराशी घसरते अन् नाक वळतं. मन्या एकदम खूश. मी पण.

मंगळ. १३
असीरगढच्या पायथ्याशी, मुरमावर प्रॅक्टिस. दुसऱ्याच वळणाला पाठ सुटली, गाडी गरकन फिरून बांधावर. दार चेपलं. मन्याला मुका मार, मनगट सुजलंय.

बुध. १४
संक्रांत. तिळगूळ तसाच ठेवला.
केळीचं वावर वरून कोरडं, खाली ठिबकची ओल! नाक मातीत रुतत होतं, म्हणून वळेना. गाडीत खोट नव्हतीच. जन्म केळीत गेला माझा, मूर्ख कुठली! अन् तीच जास्तीची हवा कडक मुरमावर नेली, म्हणून पाठ सुटली.
मन्याला सगळं सांगितलं. म्हणे, "ताई, समजूत नको काढू. मले माहीत आहे, हात माझाच चुकला." ऐकूनच घेत नाही.

शुक्र. १६
हवा उतरवली. मुरमावर गाडी पुढून-मागून आता बरोबर तोललेली. पण मन्या? वळण दिसायच्या आधीच ब्रेक! सायकलवाला पुढे जाईल.
संध्याकाळी म्हणे, "रेसला त्या दिवशीसारखीच ठासून हवा भर. मले माझा हात पाहायचा आहे." डोकं फिरलंय याचं. कडाक्याचं भांडण. न जेवता झोपला.

रवि. १८
आज रेस. इंदूरच्या अलीकडे, मैदान मुरमाचंच. मन्या हेल्मेट घालून बसलेला. मी पंप घेऊन मागे वाकले, उगाच खुडबुड केली.
"भरली?"
"भरली."
हवा होती तेवढीच आहे. वाटलं, चला, वाचलो.
आता इथे कडेला बसल्यावर लक्षात येतंय. पाठ घसरणार असं धरून तो वळणावर स्टीअरिंग आधीच उलटं मारेल. अन् पाठ घसरणारच नाही. गाडी सरळ बाहेर. तिथे बांध आहे.
रांगेत त्याच्यापुढे अजून गाड्या आहेत. सांगितलं तर... त्याचा स्वतःवरचा भरवसा गेलाच आहे, माझ्यावरचा तेवढा उरलाय. तोही जाईल.
उठते. हवेचं खरं सांगते त्याला, आत्ताच