मांजराला म्हणून सांगितलेली मरळ

पूर्णगड, आषाढ वद्य षष्ठी

चिरंजीव बाबल्यास थोरली बहीण सखू हिचे पोटभर आशीर्वाद.

माझ्या लेकीचा, काशीचा ताप उतरला, तिची पोर खेळते आहे, काळजी करू नये. तुझा गुडघा कसा आहे? तुझी बायको हौसा शेक देते, की नुसतं बोलून भागवते?

परवा तू शेतातल्या पाण्यात दोन मरळ धरून चिखलातून एवढा चालत आलास. काशीच्या सासूबाई आलेल्या, त्या विहीणबाईंनी नाक मुरडलं, "हे असलं तुम्ही खाता?" मी म्हटलं, "छे हो, मांजराला आणलंय." तू ऐकलंस. पाणी प्यालास, हसलास नि गेलास. बांधाच्या भोकात हात घालून मासा धरायला तुला मीच शिकवलं, आणि लाजलेही मीच.

मग राखेने चोळून, तिरफळं घालून कालवण केलं. पावसामुळे होड्या बंद, सुकटीला सगळे कंटाळलेले. विहीणबाईंनी दोनदा वाढून घेतलं. मांजराला काटेसुद्धा उरले नाहीत. तरी ही तीच मरळ, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मला अक्षर येत नाही, म्हणून हे जावईबापू लिहितायत. आता त्यांचा हात थांबलाय. म्हटलं, लिहा, आणि तुमच्या आईला वाचून दाखवूनच टपालात टाका.

रागावला असलास तर इथे येऊन रागाव.

तुझी बाय,
सखू