बुधवारी कुणालाच भूक नसते

१ मार्च, गुरुवार
आप्पांनी सकाळी दाढी करता करता जाहीर केलं की महिनाअखेर ते ताईकडे राहायला जाणार. कायमचे. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. कारण विचारलं तर म्हणाले, तुझ्या घरात मला भूक लागत नाही.
हे काय कारण झालं? मी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. मूळ कारण शोधणं हाच माझा धंदा. संध्याकाळपर्यंत शोधून काढलं: गादी. गादी बदलायची.
आप्पा गेले तर या घरात माझं ऐकणारं कोण उरणार? ही तर ऐकतच नाही. लेक कानात वायर घालून बसते. आप्पा निदान मान तरी हलवतात. आप्पांना जाऊ द्यायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी.

२ मार्च
गादी नको म्हणाले.
नवी योजना. बसस्टॉपसमोर जपानी नूडल्सचं दुकान निघालंय. लेकीला आवडतं. मऊ असतं, म्हणजे आप्पांच्या कवळीलाही चालेल. दर रविवारी चौघांनी तिथे जेवायचं. तीन पिढ्या, एक टेबल. महिन्याभरात आप्पांचा विचार बदलला नाही तर नाव बदलीन.
लेक म्हणाली, येते, पण तुम्ही तिथे ट्रेनिंग घेणार नसाल तर. म्हटलं, जेवायला जातोय, ट्रेनिंग कशाला घेईन?

४ मार्च, रविवार
अत्यंत यशस्वी.
वाडगे आले तेव्हा नुसत्या वाफा निघत होत्या. उकळतं सूप आणि शेजारी म्हातारा माणूस, म्हणजे अपघात वाटच बघतोय. सगळ्यांना हात मागे घ्यायला सांगितले. ते निवेपर्यंतचा वेळ सत्कारणी लावला: चॉपस्टिक्स कशा धराव्यात, त्या कुणावर रोखू नयेत, भुरका कसा मारावा. नूडल्स खाताना भुरका मारणं हा त्यांच्याकडे शिष्टाचार आहे, व्हिडिओ बघून ठेवला होता. आप्पांना करून दाखवला. आप्पा जन्मभर चहा भुरकत आले आणि मी जन्मभर त्यांना गप करत आलो, पण तो भुरका शास्त्रशुद्ध नव्हता.
नूडल्स चांगल्या जाडजूड, मऊ, कोमट. सूप असं जवळजवळ नाहीच. अस्सल पद्धत हीच असावी. शेजारच्या टेबलावर बारीक नूडल्स आणि पुष्कळ सूप होतं. त्यांनी बहुधा दुसरं काही मागवलं होतं.
दुकानात शिरताच आप्पांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. वाफेने खराब होतं म्हणाले. वस्तू किती जपतात! आमच्या घराण्याचं वळणच आहे ते.

७ मार्च, बुधवार
कामावरून आलो तर घरात कुणालाच भूक नाही. आप्पांना नाही, हिला नाही, लेकीला नाही. आप्पांनी ढेकरही दिला. एकटाच जेवलो.
घरात पचनाची साथ आलेली दिसते. लक्ष ठेवायला हवं.

११ मार्च, रविवार
आप्पा चॉपस्टिक्स अशा चालवतात की बघत राहावं. माझ्या एका सेशनचा हा परिणाम! कारखान्यातल्या लोकांना वर्षानुवर्षं सांगतोय, हेल्मेटचा पट्टा लावत नाहीत.
आजचा विषय: कुटुंबातला संवाद. लेक मधेच म्हणाली, बाबा, नूडल्स फुगतायत. म्हटलं, मुद्दा पूर्ण होऊ दे. ही दोन घास खाऊन उठली, डोकं दुखतंय म्हणाली. हिचं डोकं नेमकं रविवारी दुखतं. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगायचं.

१४ मार्च, बुधवार
पुन्हा तेच. कुणालाच भूक नाही. येताना पाचक औषध घेऊनच आलो होतो. तिघांनाही एकेक चमचा पाजलं. लेकीने तोंड वाकडं केलं, पण घेतलं.
आप्पांच्या शर्टावर तपकिरी शिंतोडे. औषधाचे असणार. औषध द्यायच्या आधीपासून होते खरे, पण दुसरं काय असणार?

१८ मार्च, रविवार
आज आप्पा आणि मी दोघंच. हिचं डोकं. लेकीला क्लास. रविवारी कसला क्लास, विचारलं तर म्हणाली, एक्स्ट्रा.
चौघांच्या टेबलावर दोन रिकाम्या खुर्च्या. वाढणाऱ्या बाईंनी आप्पांना न विचारताच जास्तीचं अंडं आणून दिलं आणि चष्म्यावरची वाफ पुसायला कागदही. दोन-तीन भेटींत इतकी ओळख! सर्व्हिस म्हणतात ती ही.
आज व्याख्यान आवरतं घेतलं. सरळच विचारलं, आप्पा, राहाल ना? मशीन खिशात होतं. आप्पांनी मान हलवली. उभी की आडवी, ते नीट कळलं नाही. उभीच असणार.

२० मार्च
ताईचा फोन. आप्पांची खोली रंगवून झाली म्हणे, पडदेही शिवून आले. मी विचारलं, शिवलेले पडदे दुकानदार परत घेतो का? ताईने फोन हिच्याकडे द्यायला सांगितलं.
दिवसभर कामात लक्ष नाही. स्वतःच लावलेल्या 'ओली फरशी' बोर्डाला धडकलो. कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं.
निर्णय: उद्या लवकर सुटायचं आणि सरप्राइज द्यायचं. नूडल्सचं पार्सल घरी न्यायचं. बुधवारी कुणाला भूक नसते, पण वास आला की लागेल.

२१ मार्च, बुधवार
पार्सल आणायला गेलो. काचेतून आत बघितलं.
खिडकीजवळच्या टेबलावर तिघंही होती. आप्पा, ही, लेक. समोर वाफाळते वाडगे आणि कुणाचेही हात मागे नाहीत. आप्पा काहीतरी गोष्ट सांगत होते. मधेच त्यांनी असा भुरका मारला की मला काचेबाहेर ऐकू आला. लेकीने उलट भुरका मारला. आप्पांनी त्याहून मोठा. आणि ही, डोकेदुखीवाली ही, दोन्ही हातांनी वाडगा तोंडाला लावून सूप पीत होती आणि हसू आवरेना म्हणून तिने तो खाली ठेवला.
आप्पांचं मशीन कानात होतं. वाफ रविवारइतकीच होती.
पहिल्यांदा मनात आलं, रविवारची प्रॅक्टिस करतायत. त्या विचाराला धरून मी बराच वेळ फुटपाथवर उभा राहिलो. मग तो विचारही कंटाळून निघून गेला.
त्यांच्या आधी घरी पोचलो. तिघं आली. म्हणाली, भूक नाही. मी बाटली काढून एकेक चमचा औषध दिलं. तिघांनीही मुकाट्याने घेतलं. मला रडू येत होतं, म्हणून एक चमचा मीही घेतला.

२२ मार्च
आजपासून अबोला. कडक.
नाश्त्यालाच मोडला. गॅसची नळी वळली होती, सांगणं भाग होतं. अबोला होता हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

२५ मार्च, रविवार
कुणीच आलं नाही. तरी चौघांचंच टेबल घेतलं आणि एकटा बसलो. वाढणाऱ्या बाईंना सांगितलं की तुमचा आग विझवायचा सिलिंडर चुकीच्या ठिकाणी टांगलाय. तो कुठे हवा, का हवा, कसा वापरायचा, सगळं सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, आजोबा बोलले होते, माझा मुलगा या सिलिंडरवरून तुम्हाला बोलणार आहे म्हणून. त्याला मधे तोडू नका, असंही म्हणाले होते.
मग समोरच्या नूडल्सकडे वळलो. नेहमीसारख्याच जाड, कोमट. घशाखाली उतरल्या नाहीत.

२६ मार्च
आप्पा बॅग भरत होते. माझा धीरच सुटला. म्हटलं, आप्पा, पाया पडतो, जाऊ नका. गादी बदलतो, खोली बदलतो, तुम्ही म्हणाल ते बदलतो.
आप्पा म्हणाले, बुधवारी ये आमच्याबरोबर. पण वाडगा रिकामा होईपर्यंत बोलायचं नाही. तोंड फक्त खायला उघडायचं.
मी म्हटलं, पण समजा सूप सांडलं, तर सूचना कोण... आप्पांचा हात कानाकडे गेला. म्हटलं, मान्य.

२७ मार्च
कॅन्टीनमध्ये गप्प जेवायची प्रॅक्टिस केली. क्रेन ऑपरेटर जवळ येऊन हळूच म्हणाला, साहेब, घरी सगळे ठीक ना? मॅनेजरनेही तेच विचारलं. आख्खी कॅन्टीन निवांत जेवत होती. काही लोकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
उद्या जिंकायचंय. मी गप्प बसू शकतो हे दिसलं की आप्पा बॅग रिकामी करणार. खात्री आहे.

२८ मार्च, बुधवार
गेलो. खिडकीजवळचं टेबल. वाडगे आले. वाफा. सूप उकळत असावं इतकं गरम. माझे ओठ आपोआप उघडले. आप्पांचा हात कानाकडे निघाला. मी ओठ मिटले. हात खाली आला. मशीन कानातच राहिलं.
मग खाल्लं.
नूडल्स बारीक असतात. दोऱ्यासारख्या. मला वाटत होतं, आम्ही मागवतो त्या जाडच असतात. आणि सूप कितीतरी असतं. आणि गरम! जीभ पोळली, डोळ्यांतून पाणी आलं. नंतरचं पाणी जिभेमुळे नव्हतं. लेकीने कागद पुढे केला. आप्पांनी आपल्या वाडग्यातलं अर्धं अंडं उचलून माझ्या वाडग्यात टाकलं. मी भुरका मारला. अजिबात शास्त्रशुद्ध नव्हता. आप्पा खूप हसले.
वाडगा रिकामा झाला. आता बोलायची परवानगी होती. पण आधी आप्पाच बोलले. म्हणाले, आज बरा जेवलास. शनिवारी ताई गाडी घेऊन येणार आहे, बॅग तेवढी खाली आणून दे.
म्हणजे जाणारच. मी तोंड उघडलं. पोळलेली जीभ वळेना. इतकं सांगायचं होतं आणि नेमकं आजच.
निघताना वाढणाऱ्या बाईंनी आप्पांना विचारलं, पुढच्या बुधवारपासून चार खुर्च्या, नक्की ना? आप्पा म्हणाले, नक्की.
चार! मी मनात मोजलं: आप्पा, ही, लेक आणि मी. आप्पा ताईकडे राहूनही दर बुधवारी इथे येणार, आणि मला मोजलंय. रस्ताभर ऊर भरून आला होता. घरी आल्यावर लेकीला कसंबसं म्हटलं, बघ, चौथा मीच ना?
लेक म्हणाली, बाबा, चौथी खुर्ची आत्याची आहे. पण तुम्ही आलात तर पाचवी मागू. अट मात्र तीच.
त्या टेबलाला पाचवी खुर्ची लागते ती कोपऱ्यावर, टेबलाच्या पायाला गुडघा अडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का बसतो. सेफ्टीच्या दृष्टीने ती जागा पूर्णपणे चुकीची आहे. हे मी कुणालाही सांगणार नाही.