स्वीडनचा करंडक

पेद्रा बाइशा, ६ मे १९७९

ती. सौ. झुल्मिराताईस,
अन्सेल्मोचा सा. न. वि. वि.

आशीर्वाद आधीच मागून घेतो, कारण पत्र संपेपर्यंत तो देण्याची तुझी इच्छा उरेल असं वाटत नाही. तुझ्या ओदाइरशी मी बोलणं टाकलं आहे. पोरगा दोन गल्ल्या पलीकडे राहतो, तरी टाकलं आहे. काल दारात आला होता, मी खिडकी लावून घेतली.

कारण ऐक. आपल्या तेसेलाओ फुटबॉल क्लबाची करंडकांची खोली मी सांभाळतो. गिरणीत लेथवर सहा दिवस, सातव्या दिवशी करंडक. दुसऱ्या कुणाला फडकंही लावू देत नाही, कारण लोक ओलं फडकं लावतात. राज्याची स्पर्धा आपण कधी जिंकली नाही आणि जिंकणारही नाही. पण छप्पन्न साली आपल्या गिरणीतल्या पोरांनी युरोपच्या दौऱ्यावर जाऊन तीन करंडक आणले, म्हणून आपल्या शर्टावर तीन तारे आहेत. स्पेनचा, बेल्जियमचा आणि सगळ्यांत मोठा स्वीडनचा. स्वीडनचा म्हणजे आपल्या दुर्वालदादाचा. अंतिम सामन्यातला गोल त्याचा. डाव्या पायाने मारला असं गावात सांगतात, ते चूक आहे. दादा लेफ्ट विंगर असला तरी गोल उजव्या पायाचा होता. त्यानंतर त्या दगडासारख्या गोठलेल्या मैदानावर त्याचा गुडघा गेला आणि तो परत खेळला नाही, हे मी तुला सांगायला नको.

त्या करंडकावर आपल्याऐवजी रिओच्या इम्पेरियल क्लबाचं नाव कोरलेलं आहे. दोघांचाही शर्ट लाल. तिकडच्या कोरणाऱ्याला ब्राझीलचा एकच लाल क्लब ठाऊक असणार, त्याने तो कोरला. मी पाहुण्यांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलो आणि तो भाग भिंतीकडे करून ठेवत आलो. मार्चमध्ये एका साप्ताहिकाचा फोटोवाला आला. मी गिरणीत. ओदाइरने त्याला आत सोडलं, आणि त्या शहाण्याने उजेड नीट पडावा म्हणून करंडक फिरवला. फोटो छापून आला. इम्पेरियलवाल्यांचं पत्र आलं की आमचा करंडक चुकून तुमच्याकडे राहिलेला दिसतो, आमच्या संग्रहालयाला द्यावा. चुकून! जणू छत्री राहिली!

आणि तुझ्या चिरंजिवांनी, क्लबाच्या चिटणीसांनी, कळवलं की देतो. बदल्यात त्यांचा पहिला संघ जूनमध्ये इथे मैत्रीचा सामना खेळणार, आणि तिकिटांतून स्टँडचं छप्पर होणार. ताई, पत्र्यासाठी दादाचा गुडघा विकला तुझ्या पोराने. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. माझ्याकडेच राहील.

मी सोडून सगळे खुशाल. रागावलीस तर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
अन्सेल्मो


पेद्रा बाइशा, १० मे

ती. अन्सेल्मोमामांस,
ओदाइरचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही खिडकी लावून घेता म्हणून टपालाने येतो आहे. पोस्टातला बेनेदितो विचारत होता की दोन गल्ल्यांसाठी कसलं तिकीट चिकटवतोस. मी म्हटलं, आमच्या मामांपर्यंत पोचायला रिओपेक्षा लांबची वाट पडते.

मामा, तुम्ही गावभर मला गुडघे विकणारा म्हणता आहात. न्हाव्यानेसुद्धा मला काल विचारलं की गुडघ्याला काय भाव आहे. तुम्ही शेवटचे स्टँडमध्ये बसलात केव्हा? तुम्ही करंडकांच्या खोलीच्या खिडकीतून सामना बघता, तिथे गळत नाही. जानेवारीत पत्रा सुटून इरासेमाबाईच्या खांद्यावर पडला. तिचा हात अजून वर जात नाही. तिला मी तीन तारे दाखवू? ते तारे आपल्या वेशीबाहेर कुणी धरत नाही. फेडरेशनला विचारलं तर तिथला कारकून हसला की दौऱ्यावरचे करंडक म्हणजे जत्रेतली बक्षिसं.

आणखी एक. त्या करंडकावर इम्पेरियलचं नाव आहे, त्यांच्या स्थापनेचं साल आहे, त्यांच्या बिल्ल्यावरचा मुकुटही आहे. सगळं बिनचूक. लेथवर केसाएवढा फरक तुमच्या बोटाला कळतो, आणि इतकी बिनचूक चूक तुम्हाला इतकी वर्षं पटत आली? मला तरी पटत नाही. पण खरं काय, ते सांगणारं कुणी नाही.

राहिलं थोरल्या मामांचं. त्यांना विचारल्याशिवाय मी हे केलेलं नाही. ते हो म्हणाले. इतकंच नाही, म्हणाले की मैदानात उभा राहून मीच माझ्या हाताने देतो. आता त्यांच्यावरही खिडकी लावणार असलात तर कळवा.

मामींना सांगा, मक्याचा केक पाठवला तर मी भांडणात धरणार नाही. लहान समजून जिव्हाळा ठेवावा, नाहीतर मोठा समजून भांडण तरी समोरासमोर करावं.

आपला भाचा,
ओदाइर


पेद्रा बाइशा, १३ मे

ती. सौ. झुल्मिराताईस,
अन्सेल्मोचा सा. न. वि. वि.

तुझं पोर खरं बोलतं आहे, त्यामुळे मी अधिकच संतापलो आहे.

दादाकडे गेलो. तो झाकोच्या बारमध्ये डॉमिनो खेळत होता. मी म्हटलं, तू हो म्हणालास हे खोटं आहे ना. त्याने मान वर न करता सांगितलं की नेऊ देत, त्यांचं नाव आहे त्यावर. मी म्हटलं, नाव कोरणाऱ्याचं चुकलं, गोल तुझा आहे. तो म्हणाला, तू तिथे होतास का. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, तुला अभिमान नावाची चीज आहे की ती तिकडे बर्फातच पुरून आलास, आणि टेबलावर हात आपटला. सगळ्या सोंगट्या फरशीवर. दादा इतकंच म्हणाला की सोंगट्या उचल. त्रेचाळीस वर्षांचा मी, गुडघ्यांवर बसून झाकोच्या बारमधल्या सोंगट्या उचलल्या. वर त्याने मोजून एक कमी असल्याचं सांगितलं, तीही मी काउंटरखालून काढून दिली.

एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात घोळते आहे. दादा करंडकांच्या खोलीत कधीही आलेला नाही. उद्घाटनालासुद्धा नाही. मी समजत होतो, जिन्यामुळे. पण तोच माणूस चर्चच्या जिन्याने दर रविवारी वर चढतो.

तुझं तो ऐकतो. त्याला लिही. मी लिहिणार नाही, सोंगट्या उचलून झाल्या तेवढं पुरे.

आपण दोघं एकाच आईची, एवढ्या नात्याने तरी पत्र लवकर धाड.

तुझा,
अन्सेल्मो


सांतोस, १९ मे

चि. अन्सेल्मोस,
झुल्मिराचे अ. उ. आ.

आशीर्वाद दिला आहे, घे. आता बोलणी खा.

दादाला अभिमान नाही असं भर बारमध्ये म्हणताना तुझी जीभ झडली नाही? तो तुला काही सांगणार नाही. मीही सांगणार नव्हते. पण तू आता त्याच्यापुढे हात आपटायला लागलास, तेव्हा मला बांधून ठेवणारी शपथ संपली.

छप्पन्न साली त्यांची बोट इथे सांतोसला लागली. बाकीचे गाडीने गावी गेले, त्यांना बँड, आगीचा बंब, फटाके. दादा गुडघ्याचं निमित्त करून आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरात बसून होता. चौथ्या दिवशी बोलला. बेल्जियममध्ये प्रेक्षक आले नाहीत. तेसेलाओ हे नाव तिकडे कोण ओळखणार? दौऱ्याच्या दलालाने मग स्वीडनसाठी त्यांना इम्पेरियल म्हणून विकलं. शर्ट लाल होताच, खिशावर मुकुट शिवून घेतले. प्रत्येकाला एकेक नाव वाटलं की इथे तू हा. दादाला मिळालं झेका प्राता, त्यांचा तेव्हाचा नावाजलेला विंगर. नाही म्हणाल तर परतीची तिकिटं मिळणार नाहीत. अकरा जण परमुलखात, भाषा येत नाही, करणार काय?

त्याने गोल मारला तेव्हा लाउडस्पीकरवर प्राताचं नाव घुमलं. गुडघा गेल्यावर इस्पितळात त्याच्या उशाशी पाटी लावली, तीही प्राताची. तिथल्या बायका फुलं घेऊन आल्या, फुलांवर प्राताचं नाव. नर्स त्याला त्याच नावाने उठवायची आणि हा ओ द्यायचा. अन्सेल्मो, पाय त्याचा मोडला आणि कळवळा दुसऱ्याचा आला. आणि आपल्या गावच्या स्टेशनवर अख्खी गिरणी रडली म्हणे आनंदाने. त्यांना हे कोण सांगणार होतं? सगळ्यांनी मिळून गप्प राहायचं ठरवलं. तुला सांगायचं नाही असं तर त्याने मला मुद्दाम बजावलं; म्हणाला, तो त्या करंडकांवरच उभा आहे, पडेल.

तेव्हा कोरणाऱ्याला सोड. त्याने जे सांगितलं ते बरोबर कोरलं. ओदाइर चुकला असेल, पण त्याला यातलं काही ठाऊक नाही. तुझा राग चांगला भरभक्कम आहे, जरा योग्य पत्त्यावर पाठव.

गुडघ्यासाठी तेलाची बाटली पाठवते आहे, दादाला दे आणि कमी बोल. माझं प्रेम आटत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून तू माजतोस.

तुझी,
ताई


पेद्रा बाइशा, २३ मे

चि. ओदाइर यास,
अन्सेल्मोचे आशीर्वाद, नाइलाजाने.

किल्ली पाकिटात आहे. कुलूप उलटं फिरतं, जोर करू नकोस. तुझ्या आईचं पत्र सोबत जोडलं आहे, ते वाच, आणि वाचून माझ्याकडे सांत्वनाला येऊ नकोस. कोरणाऱ्याबद्दल तू बरोबर होतास. हे मी एकदाच लिहितो आहे.

दादा देणार म्हणतो तर देऊ दे, माझा अडथळा नाही. त्याला ती वस्तू नकोशी आहे हे आता कळतं. पण शर्टावरच्या ताऱ्याला हात लावलास तर याद राख. इम्पेरियलला त्या सोंगाचं माहीत होतं की नाही, पैशात त्यांना वाटा गेला की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं मी बोलत नाही. मात्र सामन्याच्या दिवशी मी त्यांच्या लोकांना पाणी विचारणार नाही.

बोलणं बंद आहे ते बंदच आहे. केक मामीने पाठवला आहे, मी नाही.

अन्सेल्मो


पेद्रा बाइशा, १९ जून

ती. सौ. झुल्मिराताईस,
अन्सेल्मोचा सा. न. वि. वि.

ओदाइरने तुला फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही. त्याला घटनांचा क्रम कधी लागत नाही, म्हणून मी सांगतो.

रविवारी स्टँड गच्च. कुंपणावर माणसं, आंब्यावर माणसं. दादा तपकिरी सूट घालून, काठी घेऊन मैदानाच्या मध्यभागी उभा, शेजारी स्टुलावर करंडक. रिओची बस आली. उतरली ती सगळी अनोळखी पोरं, ओठांवर मिशी फुटलेली नाही. पहिला संघ दुसरीकडे जास्त बिदागीवर खेळायला गेलेला. आपल्याकडे राखीव पाठवले. बरोबर काळ्या चष्म्याचा एक संचालक. त्याने लाउडस्पीकरवाल्याच्या हातात नावांचा कागद दिला, आणि कागदावर नावं पहिल्या संघाची!

लाउडस्पीकर एकेक मोठं नाव घेतो, आणि एकेक कोवळं पोर पुढे धावून हात वर करतं. मासिकात ज्याचे केस खांद्यावर असतात त्याच्या नावाला एक तुळतुळीत डोक्याचं पोर पुढे आलं. लोक आधी हसले, मग शिट्ट्या, मग शिव्या. ओदाइर चुन्यासारखा पांढरा. मी कोट काढून बायकोकडे दिला. माझ्या मनात तो संचालक आणि त्याचा चष्मा, इतकंच होतं.

पण माझ्याआधी दादा हलला. काठी टेकत अकरा नंबरच्या पोरासमोर गेला आणि त्याला नाव विचारलं. पोराने कागदावरचं सांगितलं. दादाने म्हटलं, ते नव्हे, आईने ठेवलेलं. पोर खाली बघायला लागलं. संचालक लांबून ओरडला की सामना सुरू करा. तेव्हा दादा वळला. ताई, दादाचा चढलेला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. तो त्या माणसाला म्हणाला की तू थांब. स्टँड थांबला. मग पोराने सांगितलं की माझं नाव क्लेमेंतिनो.

दादाने त्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन पाय ओढत लाउडस्पीकरपर्यंत गेला. मागून बाकीची दहा. कागद फाडला. प्रत्येकाला माइकपाशी उभं करून आपापलं नाव बोलायला लावलं. एक इतकं हळू बोललं की दादाने त्याला दटावलं, लाज वाटण्यासारखं आहे का रे तुझं नाव, मोठ्याने सांग. शेवटी स्वतः माइक घेतला. मला वाटलं, आता छप्पन्नचं सगळं बाहेर येणार. तो एवढंच म्हणाला की मी दुर्वाल, अकरा नंबर, स्वीडनमधला गोल माझा होता. आणि माइक खाली ठेवला. जे जाणत होते ते रडले, जे जाणत नव्हते त्यांनी टाळ्या वाजवल्या.

संचालक करंडकासाठी हात पुढे करून आला. ठरलं आहे म्हणाला. आता तुझ्या मुलाबद्दल. तो मध्ये उभा राहिला आणि त्याने सांगितलं की पहिला संघ ठरला होता, तो आणा, मग करंडकाचं बोलू. संचालक म्हणाला, एका पितळेच्या भांड्यासाठी एवढा तमाशा. ओदाइर म्हणाला, पितळेचं आहे तर रिओहून आलात कशाला? वास्तविक पितळेवर चांदीचा मुलामा आहे, पण त्या वेळी मी दुरुस्ती केली नाही.

सामना आपण तीन-एक हरलो. क्लेमेंतिनो चांगला खेळतो, मात्र त्याचा उजवा पाय कच्चा आहे, तसं मी त्याला सांगितलं. छप्पर अर्धं होईल. अर्धं कुठल्या बाजूला यावरून ओदाइरचं आणि माझं समोरासमोर भांडण चालू आहे.

करंडक दादाने थेट घरी नेला. काल मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. म्हटलं, संध्याकाळभराचं काम आहे, ते नाव आणि तो मुकुट घासून काढतो आणि तिथे तेसेलाओ कोरतो, असं कोरतो की जोड दिसणार नाही. दादा म्हणाला, हात लावून बघ. मी म्हटलं, अरे, ते तुझ्या छातीवरचं खोटं आहे. तो म्हणाला, आहे ना, मग राहू दे. तू ते घासलंस तर उद्याच्या पोरांना वाटेल की आपण नुसते जिंकलो.

मी पेटी उचलून घरी आलो. त्याच्याशी भांडायला मुद्दा सापडला नाही म्हणून तुला लिहितो आहे. सापडला तर लगेच कळव.

तेलाची बाटली संपली, दुसरी धाड. आम्हा दोघांवर सारखीच माया कर. त्याच्यावर थोडी जास्त केलीस तरी मी बोलणार नाही.

तुझा,
अन्सेल्मो